पन्नासावी जागा

चष्मेवाल्याच्या घरात गोल्फ आणला तो त्याच्या बायकोने. लग्नाआधी ती हौसेने खेळायची. लग्नानंतर सरावाच्या मैदानावर शिकवायला लागली आणि जाताना दोन्ही मुलांना बरोबर न्यायला लागली, कारण दुकानात ठेवली तर ती काचांशी खेळत. त्यातून हे सगळं झालं. थोरली मुलगी बायकांच्या स्पर्धांमध्ये गेली काही वर्षं पहिल्या दोन-तीन जणींत होती. धाकटा मुलगा पुरुषांच्या स्पर्धांच्या काठावर होता. म्हणजे जागा मिळाली तर खेळायचा, नाही मिळाली तर आईच्या मैदानावर शिकवायचा.

धाकटा तिच्यापेक्षा हातभर उंच. त्याचा चेंडू लांब जायचा, पण कुठे जाईल ते तोही छातीठोकपणे सांगू शकत नसे. थोरलीचा चेंडू तेवढा लांब जात नसे, पण सांगितलेल्या जागी जाऊन बसे. चष्मेवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "दोघांना मिळून एकच केलं असतं तर जगात कुणी हात धरला नसता." गिऱ्हाईक हसायचं आणि फ्रेम निवडायचं.

पुरुषांच्या एका मोठ्या स्पर्धेच्या संचालकांचा फोन आला तेव्हा थोरली दुकानातल्या तपासणीच्या उंच खुर्चीत बसली होती. समोर अक्षरांचा तक्ता, नाकावर बापाने बसवलेली जड लोखंडी फ्रेम. तशीच ती फोनवर बोलली.

"आयोजकांच्या हातात काही जागा असतात," संचालक म्हणाले. "त्यातली एक तुम्हाला द्यायची आहे. तुम्ही पुरुषांच्या स्पर्धेत, पुरुषांच्याच अंतरावरून खेळायचं. सवलत काही नाही. लोकांना बघायला आवडेल."

"मी जिंकायला येऊ की बघायला ठेवायला?" तिने विचारलं.

पलीकडून ते म्हणाले, "अं... दोन्ही."

फोन ठेवल्यावर तिने फ्रेम काढली. चष्मेवाल्याने विचारलं, "काय म्हणतात?"

"या म्हणतात."

"मग जायचं की नाही?"

"तेच तर कळत नाहीये, बाबा."

अडचण एक नव्हती. त्याच आठवड्यात बायकांची स्पर्धा होती आणि मागच्या वर्षी ती थोरलीने जिंकली होती. इकडे गेली तर तिकडे जाता येणार नव्हतं. तिची जुनी मैत्रीण आणि पक्की प्रतिस्पर्धी, जिला सगळे लांबडी म्हणत, तिला ही बातमी कळायला वेळ लागला नाही.

"जाऊ नकोस," लांबडीने फोनवर पहिलंच वाक्य टाकलं. "हरलीस तर म्हणतील, बघा, यांच्यातली सगळ्यात चांगली आणि आमच्यातल्या शेवटच्यालाही पोचली नाही."

"आणि चांगलं खेळले तर?"

"तर आणखी वाईट. म्हणतील, चांगल्या बायका पुरुषांत खेळतात आणि उरलेल्या आपापसात. म्हणजे आम्ही उरलेल्या."

"म्हणजे कसंही केलं तरी माझंच चुकणार?"

"मी तसं नाही म्हणत गं. मला जर बोलावलं असतं ना, तर मी पळत गेले असते. म्हणून तर रागावले आहे."

थोरलीला हसू आलं.

घरात आईचं मत एका क्षणात तयार होतं. "जायचं. माझ्या वेळी बायकांना सकाळी लवकरच मैदान सोडावं लागायचं, पुरुष येणार म्हणून. तू जायचंस आणि मधोमध उभं राहून मारायचं."

"अगं, पण तिथे जाऊन सिद्ध काय करायचं?" चष्मेवाला म्हणाला. "हत्ती आणि घोडा एकाच तराजूत कशाला घालायचे?"

"माझी मुलगी हत्ती आहे का?"

"मी घोडा तिलाच म्हटलं होतं."

धाकटा ताटातलं निवडत बसला होता. त्याला त्या स्पर्धेसाठी सोमवारची पात्रता फेरी खेळायची होती. शंभरावर पोरं खेळणार, त्यातली चारच आत जाणार. थोरलीने त्याला सरळ विचारलं, "तुला काय वाटतं?"

"जा की," तो म्हणाला.

"मनापासून?"

त्याने पाण्याचा घोट घेतला. "ताई, तुला एका फोनवर जागा मिळाली. मी तिसऱ्यांदा पात्रता फेरी खेळतोय. मला आनंद झालाय आणि मला रागही आलाय. तू कुठलं मनापासून विचारतेस?"

आईने भाजीचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं.

थोरलीने शेवटी होकार दिला. तो विचारांती दिला असं म्हणता येणार नाही. एका सकाळी तिला उठल्या उठल्या वाटलं, जावं, आणि तेवढ्यात तिने फोन करून टाकला. दुपारपर्यंत तिला पुन्हा वाटायला लागलं की नको होतं जायला. पण तोवर बातमी छापून आली होती.

सोमवारी धाकटा पात्र ठरला. चौथा, काठावरचा. घरात त्या संध्याकाळी इतका आरडाओरडा झाला की खालच्या दुकानात गिऱ्हाइकाने विचारलं, वर भांडण चाललंय का. दोन्ही मुलं एकाच स्पर्धेत. चष्मेवाल्याने दुकानाला कुलूप घातलं आणि चौघं एकाच गाडीतून निघाली.

फाटकावर पहिला गोंधळ झाला. रखवालदाराने धाकट्याला आत सोडलं आणि थोरलीला म्हणाला, "खेळाडूंच्या घरच्यांसाठी उजवीकडे."

"मीही खेळाडूच आहे."

त्याने तिच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि एकदम तांबडालाल झाला. "माफ करा. चुकलो. माझी मुलगी म्हणते, त्यांची सही आणा. आणि मी तुम्हालाच..." थोरलीने त्याला तिथेच सही करून दिली. सही करताना तिला कळेना, रागवायचं होतं की काय करायचं होतं.

कपडे बदलायची खोली पुरुषांची एकच होती. तिच्यासाठी मागच्या बाजूची एक खोली रिकामी केली होती. रिकामी म्हणजे, भिंतीशी एकावर एक रचलेल्या खुर्च्या तशाच होत्या. दारावर तिच्या नावाचा कागद चिकटवला होता आणि आत टेबलावर फुलांचा गुच्छ होता. मोठ्या खोलीतून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता, त्यात धाकट्याचाही. ती खुर्च्यांकडे तोंड करून बुटांच्या नाड्या बांधत बसली.

तिची बॅग उचलायचे ते काका तिच्याबरोबर बरीच वर्षं होते. थोडं बोलायचे आणि बोलायचे ते पटायचं. पहिल्या दिवशी सुरुवातीच्या जागेवर जाताना ते म्हणाले, "लोक बघायला आलेत. बघू देत. आपण आपला खेळ खेळू."

तिच्या गटात दोन पुरुष होते. एक पंचविशीचा धिप्पाड पोरगा, तिच्याशी इतक्या आदराने वागणारा की तिला अवघडल्यासारखं व्हावं. त्याने पहिला फटका मारला तो चेंडू दिसेनासाच झाला. दुसरा पन्नाशीकडे झुकलेला जुना खेळाडू होता, त्याला मैदानावर सगळे दादा म्हणत. दादांनी तिला नमस्कार केला आणि त्यानंतर आपल्या चेंडूशीच बोलत राहिले.

थोरलीला दुसऱ्या फटक्याला नेहमी सगळ्यांत आधी मारावं लागे, कारण तिचा चेंडू सगळ्यांत मागे पडलेला असे. जिथून धिप्पाड पोरगा आखूड काठीने चेंडू उंच उडवून झेंड्याशेजारी टाकी, तिथे तिला अजून बऱ्याच मागून लांब काठी घेऊन तो खाली, सपाट मारावा लागे. तो जमिनीवर पडून पळत पळत पुढे जाई आणि कधी भोकाभोवतीच्या हिरवळीवर थांबे, कधी पार पलीकडे जाई. पण एकदा हिरवळीवर पोचली की मग तिच्यासारखी तीच. लहान फटके तिने असे टाकले की धिप्पाड पोरगा तोंडात बोट घालायचा बाकी राहिला.

"हे कसं करता?" त्याने विचारलं.

"तुमच्यासारखं लांब मारता येत नाही ना, म्हणून शिकावं लागलं," ती म्हणाली.

दोन दिवस असेच गेले. तिचे फटके ना फार चांगले ना वाईट. तेवढ्यात तिच्याबद्दल लिहिणाऱ्यांची दोन टोकं झाली होती. एकाने लिहिलं, हिने जागा अडवून एका होतकरू पोराचं नुकसान केलं. दुसऱ्याने लिहिलं, हिने इतिहास घडवला. आई दुसरं वाचून दाखवायची, चष्मेवाला पहिलं लपवून ठेवायचा. थोरलीने दोन्ही वाचलं होतं आणि तिला दोन्हीत थोडं थोडं खरं वाटलं होतं.

आता या खेळातला एक नियम सांगायला हवा. दोन दिवसांनंतर खेळाडूंची चाळण होते. पहिले पन्नास आणि पन्नासाव्याच्या बरोबरीत असतील ते सगळे पुढचे दोन दिवस खेळतात. बाकीच्यांनी सामान आवरायचं. धाकटा शुक्रवारी सकाळीच खेळून मोकळा झाला होता. मैदानाचे फटके ठरलेले असतात, जितके कमी तितकं चांगलं; त्याचा दोन दिवसांचा हिशेब ठरलेल्यापेक्षा एक जास्त झाला होता. मग दिवसभर तो फळ्यासमोर उभा राहून दुसऱ्यांच्या आकड्यांकडे बघत होता.

थोरलीचा गट सगळ्यात शेवटचा होता. शेवटच्या, अठराव्या हिरवळीवर ती पोचली तेव्हा तिला एकच फटका मारायचा होता, दीड माणसाच्या लांबीचा, उजवीकडे किंचित उतार. तो गेला तर तिचा हिशेब ठरलेल्या फटक्यांइतका बरोबर. नाही गेला तर एक जास्त.

फळा हिरवळीच्या समोरच होता. काका म्हणायचे, फळ्याकडे बघू नकोस. तिने बघितलं.

ठरलेल्या फटक्यांत किंवा त्याहून कमी फटक्यांत एकोणपन्नास जण होते. त्यांच्याखाली चाळणीची रेघ अजून ओढलेली नव्हती. एक जास्त असलेले आठजण पन्नासाव्या जागी एकत्र होते. त्यात धाकट्याचं नाव होतं. दादांचंही होतं, कारण त्यांनी आत्ताच आपला शेवटचा फटका संपवला होता. तिचा चेंडू भोकात गेला तर पन्नासावी ती एकटी होणार होती, आणि ते आठही जण बाहेर. तिचा चेंडू चुकला तर तीही त्या आठांबरोबर पन्नासाव्या जागी बसणार होती, आणि सगळे आत.

म्हणजे चुकली तरी ती आतच होती. चुकली तर धाकटाही.

काकांनी तिच्या नजरेचा माग काढला. "कळलं ना तुला?"

"कळलं."

"मग आता विसर."

ती चेंडूमागे वाकली. हिरवळीच्या कडेला लोकांत धाकटा उभा होता, हाताची घडी घालून. आई त्याच्या शेजारी. आईला फळ्यातलं काही कळलं नव्हतं, ती नुसती ओठ हलवत होती. झेंड्याची काठी दादांच्या हातात होती. ते भोकाच्या पलीकडे उभे होते, सावली पडू नये म्हणून एका बाजूला सरकून.

"दादा," ती म्हणाली.

"खेळ पोरी," ते म्हणाले. "माझं आटपलं. तुझं तू बघ."

ती उभी राहिली. नंतर तिला किती जणांनी विचारलं की त्या वेळी मनात काय होतं. तिने प्रत्येकाला वेगळं सांगितलं, आणि खोटं कुणालाच सांगितलं नाही. चुकवावा, असंही मनात आलं होतं. मुद्दाम चुकवणं म्हणजे लबाडी, असंही आलं होतं. आणि लोक म्हणतील शेवटच्या क्षणी बाई कचरली, असंही आलं होतं. मग हात हलले. एवढ्या वर्षांच्या सवयीने हलले की तिने हलवले, हे तिला आजही सांगता येत नाही.

चेंडू डावीकडून निघाला, उतारावर उजवीकडे वळला आणि भोकात पडला.

एकदम कल्ला झाला. आई उड्या मारायला लागली. धाकटाही टाळ्या वाजवत होता, मोठमोठ्याने. दादांनी टोपी काढली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "छान मारलास." मग ते धिप्पाड पोराचा हात हलवून, काठी जागेवर लावून, पायऱ्या चढून गेले. त्यांच्या चालण्यात काही फरक पडला नव्हता. तिने त्यांच्या पाठीकडे बघून घेतलं.

आईला सगळं कळलं ते जिन्यात. चष्मेवाल्याने तिला समजावून सांगितलं. तिने आधी हसत ऐकलं, मग चेहरा पडला, मग पुन्हा हसली आणि शेवटी जिन्यातच बसली. "म्हणजे आता पेढे वाटायचे की..." ती म्हणाली आणि वाक्य तिथेच राहिलं.

धाकट्याने गाडीच्या डिकीत आपली बॅग टाकली. थोरली त्याच्या मागे आली, अजून खिळ्यांच्या बुटांतच.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी फळा बघितला होता."

"मलाही माहीत होतं, तू बघितलास ते."

"मी काय करायला हवं होतं?"

"मला विचारतेस?" त्याने डिकी बंद केली. "ताई, चुकवला असतास ना, तर मी जन्मभर म्हणालो असतो, बहिणीच्या मेहेरबानीवर खेळलो. घातलास, तर आता म्हणणार, बहिणीने बाहेर काढलं. दोन्ही बाजूंनी माझंच नाक कापलं जाणार होतं."

"रागावलास?"

"हो." त्याने डिकी पुन्हा दाबून बघितली. "पण फटका भारी होता. मला तो जमला नसता, हे जास्त लागलंय."

घरी जायचं कुणी आणि थांबायचं कुणी, यावर गाडीपाशी अर्धा तास खल चालला. आईला दोन्हीकडे असायचं होतं. शेवटी चष्मेवाला म्हणाला, "मी दुकानाचं निमित्त करून याच्याबरोबर जातो. तू हिच्याबरोबर राहा. याला वाटेत काहीतरी खायला घालीन." धाकटा म्हणाला, "बाबा, मी सव्वीस वर्षांचा आहे." "मग बिल तू दे," चष्मेवाला म्हणाला. ते दोघं गेले.

शनिवारी थोरली वाईट खेळली. रविवारी त्याहून वाईट. वारा होता, लांब काठ्यांचे फटके वाऱ्यात भरकटत होते, आणि खरं तर तिचं लक्षही नव्हतं. राहिलेल्या पन्नासांत ती शेवटून दुसरी आली. शेवटचा कोण होता ते कुणी विचारलंही नाही, तिच्या मागे मात्र कॅमेरे होते.

पत्रकारांच्या खोलीत पहिलाच प्रश्न आला. "बायकांनी पुरुषांच्या स्पर्धांत खेळावं का?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

सगळे हसले. त्यांना वाटलं नम्रता.

"नाही, खरंच माहीत नाही," ती म्हणाली. "मी आले तेव्हा वाटत होतं, खेळून बघितल्यावर कळेल. खेळून झालं. आता आधीपेक्षाही कमी कळतंय. पहिले दोन दिवस मी इथली वाटत होते. पुढचे दोन दिवस नाही. यातलं खरं कुठलं, ते तुम्हीच लिहा. तसंही तुम्ही लिहिणारच."

त्यांनी लिहिलं. अर्ध्यांनी पहिले दोन दिवस घेतले, अर्ध्यांनी शेवटचे दोन.

त्याच रविवारी तिकडे बायकांची स्पर्धा लांबडीने जिंकली होती. थोरलीने तिला परतीच्या भाड्याच्या गाडीतूनच फोन केला.

"अभिनंदन गं."

"कसलं अभिनंदन," लांबडी म्हणाली. "करंडक हातात दिला आणि निवेदक काय म्हणाला माहितीये? 'गतविजेत्या नसल्यामुळे यंदा मैदान खुलं होतं.' माझ्या तोंडावर. मी हसले तिथे."

"सॉरी."

"तू कशाला सॉरी? तू नसतीस तर मी जिंकले नसते, असं नाही. असतीस तर जिंकले असते, असंही नाही. डोकं फिरलंय माझं. तू शुक्रवारचा तो चेंडू घातलास ना, तेव्हा आम्ही सगळ्या जणी जेवणाच्या खोलीत खुर्च्यांवर चढून ओरडलो. आणि खाली उतरल्यावर एकमेकींकडे बघितलं. आपली स्पर्धा इकडे चाललीये आणि आपणच तिकडचं बघतोय."

मग लांबडीनेच विचारलं, "पुढच्या वर्षी बोलावलं तर?"

"बघू," थोरली म्हणाली.

बोलावणं पुढच्या वर्षापर्यंत थांबलं नाही. महिन्याभरातच संचालकांचा फोन आला. तिकिटं कधी नव्हे इतकी खपली होती, म्हणाले. पुढच्या वर्षीचीही जागा तुमचीच, फक्त हो म्हणा. थोरली तेव्हा स्वयंपाकघरात होती. आई ओट्यापाशी, धाकटा खिडकीत टेकून चहा पीत होता, आणि तिघांनाही फोन ऐकू येत होता, कारण संचालक मोठ्याने बोलत.

"आमंत्रण नको," ती म्हणाली. स्वतःचंच बोलणं तिने जणू पहिल्यांदा ऐकलं. "आले तर सोमवारची पात्रता फेरी खेळून येईन. नाही झाले पात्र, तर बायकांची स्पर्धा आहेच."

संचालकांनी बरंच काही सांगितलं. ती नाही नाही म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर आई तिच्याकडे वळली. कंबरेवर हात. "आयती आलेली जागा सोडलीस? हे काय खूळ?"

"माहीत नाही गं आई. आत्ता हेच बरोबर वाटलं. उद्या चुकलं असंही वाटेल."

"आणि पात्रता फेरी बायकांच्या स्पर्धेच्याच आठवड्यात, सोमवारी असते," आई म्हणाली. "तिकडे हरलीस आणि इकडे वेळेत पोचली नाहीस, तर तिकडूनही नाही आणि इकडूनही नाही, असं व्हायचं."

"होईल."

धाकट्याने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे चार जागा, शंभर पोरं आणि वर आता ही," तो म्हणाला. "आमचं जे काही थोडं होतं, तेही गेलं." तो हसत होता, पण पूर्ण हसत नव्हता. मग त्याने दाराआडची बॅग खांद्यावर घेतली. "चल, येतेस? मला ते लहान फटके शिकव. लांब मारायचं मी तुला शिकवतो. बघू कोण आधी बिघडतं."

तिने बूट शोधायला सुरुवात केली. आई दोघांकडे बघत उभी राहिली. दोघांना आवरायचं की दोघांना डबा भरून द्यायचा, हे तिचं ठरत नव्हतं. मग तिने डबा काढला.